चौदावी चाल

शिवांजलीबाई माधवनगरला आमच्या शाळेत गणित शिकवतात आणि शनिवारी दुपारी मुलांचा बुद्धिबळाचा वर्ग घेतात. वय तिशीचं, आवाज हळू. त्यांच्याविषयी शाळेत एक गोष्ट सगळ्यांना माहीत होती: सख्ख्या धाकट्या बहिणीनं त्यांना फसवून हरवलं, तरी बाईंनी कधी तिच्याबद्दल वाकडा शब्द काढला नाही. मीही ती गोष्ट दोन-चार जणांना कौतुकानं सांगितली होती. खरं काय झालं ते बाईंनी स्वतः मला गेल्या वर्षी सांगितलं.

त्यांचं माहेर आष्ट्याचं. वडील सयाजीअप्पा पलटणीत हवालदार होते. बर्फातल्या चौकीवर दिवस सरत नसायचे, तेव्हा एका जोडीदाराकडून बुद्धिबळ शिकले. पेन्शनीत आल्यावर सकाळी उसाला पाणी पाजून यायचे आणि सोप्यात दोन्ही मुलींना पटावर बसवायचे. शिवांजली थोरली, माया दोन वर्षांनी लहान.

पहिल्यांदा दोघींची गाठ पडली ती औंधच्या एका स्पर्धेत. माया दहा वर्षांची होती. हरली आणि जेवलीच नाही. परतताना एसटीत बहिणीशेजारी बसायला तयार होईना, कंडक्टरच्या सीटमागे जाऊन उभी राहिली. घरी आल्यावर अप्पांनी दोघींना समोर उभं केलं.

"पुन्यांदा तुमची गाठ पडली, तर डाव बरोबरीत सोडवायचा. घरातल्या घरात कुणी जिकायचं न्हाई, कुणी हरायचं न्हाई. कळलं?"

"व्हय अप्पा."

मग त्यांनीच अठरा चालींचा एक डाव बसवून दिला. शेवटी दोघींनी वजीर पुढं-मागं करायचे आणि तीनदा तोच पट आला की हात मिळवायचा. मुलींना तो पाढ्यासारखा पाठ झाला. पाच वर्षांत सहा वेळा त्यांनी तो खेळला. साताऱ्यात एक पंच शेजारी उभे राहून बघत होते. म्हणाले, "पोरींनो, हा खेळ आहे का पाठांतर?" माया हसली होती. शिवांजलीचे कान तापले होते.

दोन हजार अकरा साली सांगलीत जिल्ह्याची निवड स्पर्धा झाली. राज्य स्पर्धेला दोन मुली जाणार होत्या. मिरजेच्या एका मुलीची जागा शेवटच्या फेरीआधीच पक्की झाली. उरलेल्या एका जागेसाठी तिघींचे गुण सारखे होते, शिवांजली, माया आणि इस्लामपूरची एक मुलगी. शेवटच्या फेरीत बहिणी समोरासमोर आल्या. बरोबरी झाली आणि इस्लामपूरवाली जिंकली, तर दोघीही घरी. हे त्या दोघींना कळत होतं, पण सकाळी आष्ट्याहून सांगलीला येताना एसटीत कुणीच त्याबद्दल बोललं नाही. माया खिडकीकडं तोंड करून बसली होती.

अप्पा तेवढं म्हणाले, "ठरल्यापरमानं."

दोघींनी माना हलवल्या.

डाव सुरू झाला. तेरा चाली भराभर झाल्या. चौदाव्या चालीला मायानं घोडा मागं घ्यायचा होता. तिनं घोड्याला हात लावला नाही. उंट उचलला आणि शिवांजलीच्या राजासमोरचं प्यादं मारलं. घड्याळ दाबलं. मान वर केली नाही.

पुढचा तासभर शिवांजली झुंजली, पण राजा उघडा पडला होता. हात मिळवताना मायाचा तळवा गार होता.

बाहेर अप्पा वाट बघत होते. "बरोबरी?"

"न्हाई," शिवांजली म्हणाली. "माया जिकली."

अप्पांनी तिथंच, सगळ्या पालकांसमोर, मायाच्या थोबाडीत मारली. "भैनीला दगा दिलास? रगताच्या मानसाला?"

माया रडली नाही. गालावर हात ठेवून थोरल्या बहिणीकडं बघत राहिली. शिवांजलीनं नजर फिरवली.

जागा मायाला मिळाली. राज्य स्पर्धेला अप्पा तिच्याबरोबर गेले नाहीत, मामा गेला. ती नववी आली. घरी कुणी विचारलं नाही. पुढं पाहुणे आले की अप्पा सांगायचे, "थोरलीचं काळीज लय मोठं हाय. एवढं झालं तरी भैनीला बोल लावला न्हाई." माया आत भाकरी थापत ते ऐकायची. सतराव्या वर्षी तिनं खेळणं सोडलं. शिकून बेंगळुरूला नोकरीला गेली आणि सणावारालाही क्वचित यायची. आली की निघताना दरवेळी बहिणीला म्हणायची, "ताई, चुकलं गं माझं." शिवांजली म्हणायची, "जाऊ दे."

अप्पा तेवीस साली गेले. मायाशी ते शेवटपर्यंत मोकळं बोलले नाहीत.

वर्षश्राद्धाला माया आली. जेवणं उरकल्यावर दोघी मागच्या नळावर भांडी घासत होत्या. माया म्हणाली, "अप्पांनी मला माफ केलं न्हाई. तू केलंस. तेवढ्यावर जगले मी."

शिवांजलीच्या हातातलं पातेलं खाली ठेवलं गेलं.

"माया, त्या दिवशी मी पण मोडणार होते डाव."

"म्हंजे?"

"सोळाव्या चालीला. आदल्या दिवशी तू आंघोळीला गेलेलीस, तवा पटावर मांडून बघितलं होतं. हत्ती मधे आणायचा, तुझा वजीर अडकत होता. ठरवूनच बसले होते मी. तू दोन चाली आधी मोडलास, एवढंच."

नळ चालूच होता. मायानं तो बंद केला.

"अप्पांनी मला मारलं तवा तुला हे म्हायती होतं?"

"व्हय."

"आणि पाहुण्यांपुढं सांगायचे तवा?"

"व्हय."

"अप्पा जित्ते असताना एकदा तरी बोलायचं होतंस त्यांच्यापाशी. एकदा." तिचा आवाज चढला नाही. "मी खेळ सोडला गं, ताई. मला वाटायचं, मी मानूसच वाईट हाय."

सुरुवातीला अप्पांची भीती होती. नंतर लोक चांगलं म्हणू लागले, ते सोडवेना. हे बाईंनी मला सांगितलं. मायाला तेव्हा सांगता आलं नाही. माया हात पुसून आत गेली, आईच्या पाया पडली आणि चारच्या गाडीनं निघाली.

तीन महिने फोन उचलला नाही. मे महिन्याच्या सुट्टीत बाई न कळवता मिरजेहून रेल्वेनं बेंगळुरूला गेल्या. मायानं दार उघडलं, आत घेतलं. दोन दिवस ठेवून घेतलं. कपाटातल्या नव्या ताटल्या काढल्या, चहात साखर किती घालू असं विचारलं, झोपायला स्वतःचा पलंग दिला.

"एका शब्दानं भांडली न्हाई ओ," बाई मला म्हणाल्या. "पाहुणीसारखं वागवलं मला."