बैलांची तोंडं हुंगणारा जावई

सडक अर्जुनीकडच्या एका गावात मी विज्ञान शिकवत होतो. सासुरवाडी त्याच गावात, त्यामुळे तोऱ्यात राहायची सोय नव्हती. हिवाळ्यात तिथे शंकरपट, म्हणजे बैलजोड्यांची शर्यत भरे आणि हरणारा दरवर्षी म्हणे, जिंकणाऱ्याने बैलाला दारू पाजली. टीव्हीवर खेळाडूंच्या उत्तेजक चाचण्यांच्या बातम्या पाहून एका वर्षी पंचांनी नियम काढला: दारू नको, सुई नको, प्रत्येक बैलाची तपासणी होणार. तपासणार कोण? विज्ञानाचे गुरुजी. यंत्र कोणतं? गुरुजींचं नाक.

मी हुरळून गेलो, खोटं कशाला सांगू. टेबल, रजिस्टर, छातीवर बिल्ला. बैलाचा जबडा उघडून हुंगायचं आणि 'पास' किंवा 'बाद' लिहायचं. चौथा बैल माझ्या तोंडावर शिंकला तेव्हा लोकांनी टाळ्या वाजवल्या.

मग सासरे आले. त्यांची जोडी आजवर कधी पहिली आली नव्हती. यंदा मात्र ती भलतीच तयार होती आणि सासरे महिनाभर गोठ्यातच जेवत होते. उजव्या बैलाच्या तोंडाला आंबूस, दारूसारखा वास आला आणि माझं पेन 'बाद'च्या रकान्याकडे वळलं.

"मोहफुलं चारली जी, रातभर भिजवून," सासरे म्हणाले. "थंडीत सारेच चारतात. काऊन बाद करून राहिले?"

मलाही ते ठाऊक होतं. भिजलेली फुलं आंबतात, हे वर्गात मीच शिकवत होतो. पण पास केलं असतं तर जावयाने सासऱ्याला सोडलं, असा गावभर बोभाटा झाला असता. मी 'बाद' लिहिलं. सासरे बैल घेऊन गेले. एकदा सासऱ्याला बाद केल्यावर इतरांना कशी सूट देणार? दुपारपर्यंत निम्म्या जोड्या मोहाच्या वासाने घरी गेल्या. बाहेरगावची एक देखणी जोडी तेवढी निर्मळ निघाली, तोंडाला नुसता तणसीचा, भाताच्या पेंढ्याचा वास. शिस्त शिकायची तर यांच्याकडून शिका, असं मी चारचौघांत सांगितलंही. तीच जोडी पहिली आली आणि बक्षीस घेऊन लगेच निघून गेली.

मी रजिस्टर मिटत होतो तेव्हा सासरे आले. ती जोडी जिथे बांधली होती, तिथली तणीस त्यांनी चाळली होती. टेबलावर त्यांनी एक वापरलेली सुई आणि औषधाची रिकामी बाटली ठेवली.

"हुंगून पाहा, जवाईबापू," ते शांतपणे म्हणाले.

मी खरोखरच हुंगलं. कसलाच वास नव्हता. लाज वाटली ती त्यानंतर, आणि मान वर केली तोवर सासरे बैलांना पाणी पाजायला निघून गेले होते.