वेचणीचा शर्ट

मी समुद्र पाहिलेला नाही, हे आमच्या मॅडमना माझ्या बोर्डावरून कसं कळलं, देव जाणे. अमरावतीच्या आमच्या फॅशन डिझाइन कॉलेजात शेवटच्या वर्षाला प्रत्येकाने स्वतःचं कलेक्शन करायचं असतं, म्हणजे एकाच कल्पनेतून निघालेले पाच पोशाख. त्याआधी ती कल्पना कुठून सुचली, ते दाखवणारा मूड बोर्ड लावायचा असतो. मी बोर्डभर निळे कागद, शिंपले आणि पांढरी लेस चिकटवली होती. मॅडम पुण्याच्या. त्या कधी आवाज चढवत नाहीत, म्हणून त्यांची जास्त भीती वाटते. बोर्डाकडे बराच वेळ पाहून त्यांनी मला समुद्र कुठे पाहिलास ते विचारलं. मी खरं सांगून टाकलं, मोबाइलमध्ये. वर्ग हसला. मीही हसले, पण कान गरम झाले होते.

मॅडमनी दहा दिवस दिले. जे कधी हातात धरलंय असं काहीतरी आण, एवढंच त्या म्हणाल्या.

त्या दिवसांत आमच्या वर्गात प्रेरणा सर्दीसारखी पसरली होती. कुणाला फुलपाखरातून आली होती, कुणाला मोरातून, एकीला तर थेट पिरॅमिडमधून. मलाच कुठून येत नव्हती. मग मी अमरावतीत झोपेत चालल्यासारखी हिंडू लागले. शेंदूरजनाघाटची संत्री आली होती. एका हातगाडीवर हिरवट संत्र्यापासून तांबूस संत्र्यापर्यंत सगळे रंग उतरंडीने लागलेले होते आणि मधला एक रंग असा होता की त्याला नावच नव्हतं. मी इतका वेळ उभी राहिले की गाडीवाल्याने घ्यायची आहेत की नुसती नजर लावायची आहे, असं विचारलं. बस स्टँडवर रिद्धपूरच्या यात्रेला निघालेली, काळंच घालणाऱ्या पंथातली माणसं बसली होती. जवळून पाहिलं तर एकाचं काळं धुऊन धुऊन तांबूस झालेलं, एकाचं उन्हाने करडं पडलेलं, आणि खरं काळं फक्त एका म्हातारबुवांचं, कारण त्यांचा सदरा नवा होता. मी सगळं वहीत उतरवलं. वही छान भरली. कपडा मात्र एकही सुचला नाही.

पाचव्या दिवशी वैतागून मी घरी जायला निघाले. आमचं गाव मूर्तिजापूरच्या पुढे, अकोल्याच्या अलीकडे, हमरस्त्यापासून फाट्याने आत आहे. दुपारची एसटी, खिडकीतून येणारं थंडीतलं ऊन, आणि मला डुलकी लागली. अशा डुलकीत मी नेहमी लहान होते. आमच्या घरात दिवाळीनंतर समोरच्या खोलीत कापूस भरलेला असायचा, पार आढ्याला टेकेल इतका. आम्ही भावंडं त्यावर चढायचो, बुडायचो, आणि अंग खाजत असलं तरी तिथेच झोपायचो. कापसात झोपलं की बाहेरचे आवाज लांबून येतात. आईने हाक मारली तरी ती दुसऱ्या कुठल्या तरी गावातून मारल्यासारखी वाटायची. मला ते फार आवडायचं.

डोळे उघडले तेव्हा बस थांबली होती आणि रस्त्याला लागून पांढरं झालेलं शेत होतं. ओळीने बाया कापूस वेचत होत्या. प्रत्येकीच्या साडीवर पुरुषाचा फुल बाह्यांचा शर्ट, कॉलर उभी केलेली, डोक्याला दुपट्टा गुंडाळलेला, आणि पोटाशी जुन्या साडीची ओटी बांधलेली. वेचलेला कापूस त्या ओटीत जात होता आणि सगळ्यांची पोटं हळूहळू मोठी होत होती. हे मी जन्मापासून पाहत आले होते. त्या दिवशी मात्र मला पहिल्यांदा तो एक पोशाख दिसला, कुणीतरी विचार करून केलेला. मला भीती वाटावी इतका आनंद झाला.

कारण तो विचार कुणी केला होता, ते मला ठाऊक होतं. आई वेचणीला बाबांचा एक निळ्या चौकडीचा शर्ट घालते. चौकडी कधीच उडाली आहे. कोपरावर माझ्या जुन्या फुलाफुलांच्या फ्रॉकचं ठिगळ, सुकलेल्या बोंडांची टोकं टोचू नयेत म्हणून. बाह्या बोटांपर्यंत याव्यात म्हणून मनगटाला दुसऱ्याच कापडाची पट्टी जोडलेली. बटणं पाच आणि पाचही वेगळी: एक लाल, एक माझ्या शाळेच्या गणवेशाचं, एक पितळी, बाकीची दोन कुठली ते तिलाच माहीत. आणि आतल्या बाजूला खताच्या पोत्यातल्या प्लास्टिकचा एक खिसा, सकाळच्या दवाने मोबाइल भिजू नये म्हणून. एवढं डोकं आमच्या वर्गात कुणी चालवलेलं नव्हतं, मी तर नाहीच.

त्या शर्टाची आणखी एक आठवण होती आणि ती मी बसमध्ये पुन्हा बाजूला सारली. पण लिहायचंच आहे तर लिहून टाकते. मी सातवीत असताना मूर्तिजापूरच्या शाळेतल्या दोन मैत्रिणी आमच्याकडे बोरं खायला आल्या होत्या. आम्ही फाट्यावर उतरलो, तेवढ्यात मागून कापसाने भरलेली ट्रॉली आली आणि गाठोड्यांवर बसलेल्या आईने मला हाक मारली. अंगात तो शर्ट, तोंडाला दुपट्टा. मी दुसरीकडे पाहू लागले. मैत्रिणीने ती कोण म्हणून विचारलं तेव्हा मी म्हणाले, असेल कुणी मजूर बाई. ट्रॉली पुढे गेली. घरी पोचलो तेव्हा आईने साडी बदलली होती आणि तिने तिघींना हौसेने जेवू घातलं. ट्रॅक्टरच्या आवाजात तिला काही ऐकू गेलं नसणार, असं मी पुढे आठ-नऊ वर्षं धरून चालले. त्यानंतर आईने मला रस्त्यात कधी हाक मारली नाही. मला वाटायचं, तिचा स्वभावच तसा.

घरी दोन दिवस मी बांधावर बसून चित्रं काढली. बाया थट्टा करत होत्या, हात चालव म्हणजे चार किलो तरी होईल म्हणत होत्या. आई तेवढी आपली ओळ वेचत राहायची. मी तिला सांगितलं की मला हाच शर्ट करायचा आहे आणि तुझा खरा शर्ट कॉलेजात दाखवायला हवा आहे. तिने तीनदा विचारलं, हाच का? मग म्हणाली, ही पहिली वेच झाली की मी स्वतः आणून देते.

मॅडमना चित्रं आवडली. त्यांनी ओटीच्या चित्रावर बोट ठेवलं आणि पहिल्यांदाच थोडं हसल्या. आता मूळ कपडा आण, म्हणाल्या, परीक्षक आधी तो बघतील. मी बोर्डाखाली लावायची पट्टीही सुवाच्य अक्षरात लिहून ठेवली: ‘वऱ्हाडातील कापूस वेचणाऱ्या स्त्रिया’. आई हा शब्द मी कुठेच लिहिला नव्हता. विद्यार्थ्याने अभ्यासपूर्णच लिहायचं असतं, अशी मी माझी समजूत घातली होती.

परीक्षेच्या आदल्या दिवशी दुपारी आई अमरावतीच्या स्टँडवर उतरली. चांगली साडी नेसली होती. पिशवीतून तिने वर्तमानपत्रात गुंडाळलेली घडी काढून माझ्या हातात दिली आणि माझ्या तोंडाकडे बघत उभी राहिली.

शर्ट इस्त्री केलेला होता. नीळ घातलेली होती. कोपरावरचं फुलाफुलांचं ठिगळ उसवून तिथे शर्टाच्याच खालच्या कडेचं कापड लावलं होतं, इतक्या बारीक टाक्याने की शोधावं लागे. मनगटाच्या पट्ट्या गेल्या होत्या. आतला खिसा गेला होता. विरलेली कॉलर उलटवून घेतली होती, त्यासाठी ती एक दिवस मोडून अकोल्याच्या टेलरकडे जाऊन आली होती. आणि पाचही बटणं पांढरी, एकसारखी होती. माझ्या हातात बाबांचा एक साधा जुना शर्ट होता, बस.

मी तिच्यावर खेकसले. स्टँडवर, लोकांदेखत. हे काय करून ठेवलंस, मला तो तसाच हवा होता, तुला सांगितलं होतं ना, उद्या मी काय दाखवू. आई आधी गोंधळली. मग तिने पदर नीट केला आणि अगदी हळू बोलली.

“ठिगळाचा शर्ट तुह्या मॅडमपुढे कशी नेऊ देऊ मी? सातवीत त्याच शर्टापायी तुनं मले वळख देल्ली नाई. आता साऱ्या कालेजापुढं तुले मान खाली घाला लागली असती.”

म्हणजे तिला ऐकू गेलं होतं. तिच्या आवाजात राग असता तर बरं झालं असतं. तिला खरंच वाटत होतं की तिने माझी लाज राखली. अकोल्याची गाडी लागली तशी ती घाईने चढली. खिडकीतून तिने, जेवून घे, एवढं म्हटलं. मी हात हलवला की नाही, तेही आता आठवत नाही.

संध्याकाळी होस्टेलच्या खोलीत मी तो शर्ट मांडीवर घेऊन बसले. खूप रडले, खोटं कशाला सांगू. छातीच्या खिशाला हात लागला तर आत काहीतरी टोचलं. कागदाची पुडी होती. आत ती पाच बटणं: लाल, गणवेशाचं, पितळी आणि ती दोन. आई काही फेकत नाही. उसवलेलं ठिगळही चौघडी करून त्याच पुडीत ठेवलं होतं. मी माझ्या कलेक्शनमधला पहिला शर्ट काढला, त्याची दुकानातून आणलेली बटणं तोडली आणि आईची लावली. ठिगळ कोपरावर बसवलं. माझा टाका तिच्याइतका बारीक येत नव्हता.

दुसऱ्या दिवशी परीक्षक आले तेव्हा बोर्डाच्या एका बाजूला आईने दुरुस्त केलेला शर्ट टांगलेला होता, दुसऱ्या बाजूला माझा. मॅडमनी विचारलं, “हा मूळ कपडा? हा तर नीटनेटका दिसतोय. कुणाचा आहे?”

पट्टीवर उत्तर लिहिलेलं होतं. ते वाचून दाखवलं असतं तरी चाललं असतं.

“माझ्या आईचा,” मी म्हणाले. “ती कापूस वेचते. तुमच्यासमोर येणार म्हणून तिने तो नीट केला.” मग मी थांबूच शकले नाही. खताच्या पोत्याचा खिसा सांगितला, फ्रॉक सांगितला, फाटा आणि बोरंही सांगितली. मागच्या रांगेत पिरॅमिडवाली डोळे पुसत होती. परीक्षकांपैकी एक जण घड्याळाकडे बघत होते, ते दोन्ही मला एकदमच दिसलं. मॅडमनी उलटवलेली कॉलर दोन बोटांत धरून पाहिली आणि ही सफाई तुमच्यापैकी कुणाला जमत नाही, असं वर्गाला सुनावलं. मला बेताचेच मार्क पडले. माझ्या बाह्या खांद्यात नीट बसल्या नव्हत्या आणि ते खरं होतं.

त्याच आठवड्यात मी गावी गेले, अंगात माझा शर्ट घालून. फाट्यावर उतरले तेव्हा ऊन कलत आलं होतं आणि काळ्या जमिनीवरून पांढरे तंतू उडत होते. सगळं धुरकट, सोनेरी, डुलकीतल्यासारखं. लांबून ट्रॅक्टरचा आवाज आला. ट्रॉली पुढे आली. गाठोड्यांवर सात-आठ बाया, तोंडं बांधलेली, सगळ्या सारख्याच दिसणाऱ्या. पण बाबांचा दुसरा एक जुना शर्ट मी ओळखला. फाट्यावर चहाच्या टपरीपाशी मूर्तिजापूरच्या कॉलेजची दोन-चार मुलं उभी होती. मी जमेल तितक्या मोठ्याने हाक मारली, “आई!”

ट्रॅक्टर हळू झाला. आईने तोंडावरचा दुपट्टा खाली केला, माझ्याकडे निरखून पाहिलं आणि गंभीर चेहऱ्याने शेजारणीला विचारलं, “हे कोणाची पोट्टी व्हय वं? वळखतं का तू?”

बाया हसत सुटल्या. माझं ते देणं होतंच, ते मी फेडलं. दोघींनी हात देऊन मला वर ओढलं आणि मी आईशेजारी कापसात बुडाले. तिचं लक्ष माझ्या छातीकडे गेलं. तिने लाल बटण बोटांत धरलं, मग पितळी, मग गणवेशाचं. कोपर वळवून ठिगळ पाहिलं. तिचा हात बोंडांनी ओरखडलेला होता.

“हे बटनं माह्या शर्टाचे हायेत,” ती म्हणाली. शेजारणीला ऐकू गेलं नसावं असं वाटून तिने ट्रॅक्टरच्या आवाजावर पुन्हा मोठ्याने सांगितलं, “माह्या शर्टाचे! पोट्टीनं लावले.”

मग माझा टाका किती मोठा आला आहे, ते तिने सगळ्यांना दाखवलं. मी मागे कापसावर आडवी झाले. बायांचं बोलणं लांबून यावं तसं येत होतं आणि ट्रॉली गावाच्या रस्त्याला लागली होती.