पल्याडचं ताट

‘जागाच हाय की!’ काटावाले मामा डोळे न उघडताच म्हणायचे. बाहेर ट्रकवाला हॉर्न वाजवून दमलेला असायचा आणि हे आपले खुर्चीत गच्च भरलेले, हनुवटी छातीवर टेकवून.

कागलच्या एमआयडीसीत वजनकाट्याच्या केबिनमध्ये मी त्यांच्या हाताखाली होतो. दिवसभर ट्रकांचं वजन करणारा हा माणूस स्वतः कधी काट्यावर उभा राहिला नाही. काटा बिघडेल म्हणायचे.

दुपारी डबा संपला की घोरणं सुरू. आम्ही टिंगल करायचो. पण मध्येच घोरणं थांबायचं आणि टिंगलही थांबायची. छाती हलायची नाही, ओठ निळसर पडायचे. दुसऱ्याच्या श्वासाची वाट बघत तुम्ही कधी बसलाय का? आपलाच जीव घुसमटतो. मग मोठा हिसका देऊन मामा उठायचे.

एकदा मी विचारलंच. डोळा लागला की ते नृसिंहवाडीला, लहानपणीच्या घाटावर असायचे म्हणे. पल्याडच्या काठावर त्यांची वारलेली आई ताट वाढून बसलेली. ‘ये, जेव,’ म्हणायची. मामा पाण्यात उतरायचे. पाणी नाकाशी आलं की जाग.

‘रोज थोडं म्होरं जातोय बघ,’ ते म्हणाले आणि हसले. मला काही हसू आलं नाही.

साखर, गुडघे, सगळंच हाताबाहेर गेलं होतं. पोट लहान करायचं ऑपरेशन ठरत होतं. पण डॉक्टरांनी बजावलं, झोपेत श्वास अडकतोय, आधी त्याचा इलाज. नाहीतर भूल दिल्यावर माणूस माघारी यायचा नाही. झोपताना नाकावर मास्क लावायचा, मशीनची हवा घसा उघडा ठेवेल. मशीन आलं. घोरणं गेलं, तोंडावर तजेला आला. पण आईही दिसायची बंद झाली. झालं! हा बाबा मास्क काढून झोपायला लागला. डॉक्टरांनी ऑपरेशन पुढं ढकललं. मामी माझ्यापुढं रडल्या, तुमचं तरी ऐकतील म्हणाल्या.

मी भडकलोच. आई जेवायला नाही, न्यायला येते, असं तोंडावर बोललो.

मामा म्हणाले, ‘एकदाच जातो. तिला सांगून येतो. लई वेळ लागला तर हाक मार.’

त्या दुपारी ते केबिनमध्ये मास्कशिवाय झोपले. श्वास थांबला. नेहमीपेक्षा जास्तच थांबला. मी हाक मारायला तोंड उघडलं. तेवढ्यात ते ताडकन उठले. शर्ट घामानं चिंब.

‘हाक तू मारलीस व्हय?’

‘न्हाय मामा.’

त्यांनी बाहीनं तोंडावरचा घाम पुसला.

‘तिनं ताट पालथं घातलंतं,’ म्हणाले. ‘जा म्हणाली.’ आणि लहान पोरासारखे रडले.

पुढं त्यांनी मास्क सोडला नाही. ऑपरेशन नीट पार पडलं. नोकरी सोडून ते मिरजेला लेकीकडं गेले. वर्षा-दोन वर्षांनी स्टँडवर एक वाळका म्हातारा माझ्याकडं टक लावून बघत होता. मी कुणी अनोळखी समजून बाजूला सरलो, तर मामा.

तब्येत विचारली.

‘बरं हाय की. झोप बी झ्याक लागतीया,’ ते म्हणाले. ‘आता कोण बोलवत न्हाय.’