सुगतचं दुसरं कडवं

अमेरिकेत माणसाला त्याच्या कामावरून ओळखतात, जन्मावरून नाही, असं आमच्या मराठी मंडळाचे अध्यक्ष श्रीधरकाका दर दिवाळीत माइकवरून सांगत. तो माइक सुगत लावून द्यायचा.

कार्यक्रमाआधी रिकाम्या सभागृहाच्या स्टेजवर उभा राहून तो शेवटच्या रांगेला विचारायचा, "मागं ऐकू येऊन राह्यलं का?" मागे कुणीच नसायचं. तरी तो क्षणभर थांबायचा, कुणी 'हो' म्हणेल असा.

सुगत नागपूरचा. पार्सिपनीत माझ्या शेजारच्या अपार्टमेंटमध्ये राहायचा आणि आठवडाभर एका बँकेचं सॉफ्टवेअर लिहायचा. मंडळाचा रीतसर सभासद, पण सगळे त्याला 'साउंडवाला' म्हणत, त्याच्याहून कमी पगाराचे लोकसुद्धा. त्याचं आडनाव विचारून कुणी गप्प झालं, की तोच मदतीला जायचा. "विचारा ना अजून. पप्पा काय करत होते, हे राह्यलं."

श्रीधरकाकांचं घर टेकडीवरच्या एका श्रीमंत गावात आहे. तिथे रस्त्यावर चालणारा माणूस एकतर कुत्र्याचा मालक असतो किंवा संशयित. एका रविवारी काकांकडे दिवाळीच्या कार्यक्रमाची तालीम होती. सुगतची गाडी दुरुस्तीला गेली होती, म्हणून तो स्टेशनवरून बॅग घेऊन चालत निघाला. त्याच्याकडे कुत्रा नव्हता.

कुणीतरी पोलिसांना फोन केला. त्यांनी त्याला रस्त्याच्या कडेला बसवलं आणि बॅग उपडी केली. वायरी आणि दोन माइक निघाले. समोरच्या घरी बोलावलंय, असं सुगत म्हणाला. तेव्हा एक पोलीस त्याला दंडाला धरून त्या दाराशी घेऊन आला. आम्ही आत पोहे खात होतो.

काकांनी दार उघडलं आणि चष्म्यावरून पाहिलं.

"हा तुमचा पाहुणा आहे का?" पोलिसानं विचारलं.

काका शब्दाला काटेकोर. "पाहुणा नाही," ते म्हणाले. "साउंडसाठी येतो."

"ओळखता त्याला?"

"तसा नाही."

मग पोलिसांनी सुगतला गाडीत बसवून त्याची सगळी माहिती तपासली. काकांनी दार लावून घेतलं, एसी चालू होता. बऱ्याच वेळानं सुगत आत आला, वायरी जोडल्या आणि विचारलं, "मागं ऐकू येऊन राह्यलं का?"

"फर्स्ट क्लास," काका म्हणाले.

त्यावर त्यानं रॅप लिहिलं. पहिलं कडवं इंग्रजीत, पोलिसांवर. दुसरं मराठीत, दारावर. इंटरनेटवर टाकल्यावर इंग्रजी कडव्याचा तुकडा व्हॉट्सअॅपवर फिरू लागला आणि मंडळाला सुगत एकदम आपला वाटू लागला. काकांनी स्वतः फोन केला. "अरे, तुझं दुःख ते आमचं दुःख. दिवाळीत म्हण."

"पूर्ण म्हणीन, काका."

"पूर्ण म्हण की."

मराठी मंडळाच्या कमिटीत मराठी कडव्यापर्यंत कुणी ऐकलंच नव्हतं.

दिवाळीच्या कार्यक्रमाला सुगतनं नागपूरहून आलेल्या आईला पहिल्या रांगेत बसवलं. "पहिलं कडवं जगानं ऐकलं ना बे," तो मला म्हणाला. "दुसरं फक्त या हॉलले ऐकू गेलं पाह्यजे." एवढंच त्याला हवं होतं.

पहिल्या कडव्याला लोक उभे राहिले. काकांनी डोळे पुसले. मग सुगतनं सुरू केलं:

"दार उघडलं काकांनी, चष्म्यावरून पाह्यलं,
'पाहुणा नाही' म्हणाले, बाकी काय राह्यलं"

साउंडवर त्या दिवशी काकांचे जावई होते. तिसऱ्या ओळीला माइक बंद झाला. सुगत थांबला नाही, पण पाचव्या रांगेपलीकडे त्याचे नुसते ओठ हलताना दिसत होते. एका ओळीनंतर त्यानं मान वर करून विचारलं, "मागं ऐकू येऊन राह्यलं का?"

सभागृह भरलेलं होतं. कुणी उत्तर दिलं नाही. नंतर टाळ्या मात्र जोरात झाल्या.

काका खाली येऊन सुगतच्या आईला म्हणाले, "तुमच्या मुलानं नाव काढलं. जेवून जायचं हं, मावशी."

त्या पहिल्या रांगेत होत्या. त्यांनी काकांचा चष्मा नीट पाहून घेतला. "नाही जी," त्या म्हणाल्या. "आधी पाहुण्यायचं होऊ द्या."

"असं कसं, असं कसं," म्हणत काका पुरीच्या रांगेकडे गेले.

हिवाळ्यात सुगतनं नोकरी बदलली आणि तो मॉरिसव्हिलला निघून गेला. त्यानंतर मंडळाच्या साइटवर त्याच्या गाण्याचा व्हिडिओ आला. तो पहिल्या कडव्यानंतरच्या टाळ्यांवर संपतो.

वांशिक भेदभावाविरुद्ध त्या टेकडीवरच्या गावानं आता एक समिती नेमली आहे. श्रीधरकाका तिचे उपाध्यक्ष आहेत. सभेच्या सुरुवातीला ते हाच व्हिडिओ दाखवतात. गायक कोण, असं कुणी विचारलं, की म्हणतात, "आमच्या घरचाच मुलगा."