शिडाच्या गुंडाळीतला वाघ

जंगी जहाजावर शिडं शिवणाऱ्याला कुणी फारसं विचारत नाही, आणि शिडवाल्याला त्याचं काही वाटतही नसे. डेकवर सावलीत पाय पसरून बसायचं, तळहाताला चामड्याची पट्टी बांधायची आणि दाभणाने जाड कापडाला टाके घालायचे. माणसं त्याला मुळी आवडतच नसत. कप्तान म्हणजे त्याच्या मते बटणं लावलेलं बुजगावणं. पण खरा तिटकारा त्याने राखून ठेवला होता तो सख्ख्या मेहुण्यासाठी.

मेहुणा त्याच जहाजावर एका तोफेचा नाईक. मिशा पिळदार, छाती पुढे आणि जीभ छातीच्याही पुढे. खलाशी त्याला वाघ म्हणत. जेवायला बसला की हा रोज शत्रूचं एक जहाज बुडवायचा.

"दिसू दे फक्त! एका गोळ्यात डोलकाठी आडवी करतो."

"आधी ताटातलं संपव," शिडवाला म्हणे.

एके सकाळी शत्रू खरोखरच दिसला. पहिल्याच माऱ्यात आपलं मोठं शीड उभं फाटलं. कप्तान ओरडला, तसा शिडवाला नवं शीड आणायला खालच्या कोठारात धावला. गुंडाळी ओढू लागला तर हलेना. लाथ घातली, तर गुंडाळी कण्हली.

आत मेहुणा होता.

"भावजी, पोटात फार दुखतंय हो!"

"दुखणारच. इतक्या जहाजांचा घास घेतलायस तू. तोफेवर कोण आहे?"

"तोतरा."

तोतरा म्हणजे त्याच्या हाताखालचा गोलंदाज. एक वाक्य धड पुरं करता यायचं नाही बिचाऱ्याला. शिडवाल्याने मेहुण्याला पायाने बाजूला लोटलं, दोन खलाशांना हाक मारून शीड वर नेलं. वर धुराने डोळे उघडवेनात. तोतरा हातवारे करून माणसं नाचवत होता. त्याच्या तोफेने शत्रूची डोलकाठी मोडली आणि मागे फिरता फिरता शत्रूने टाकलेला शेवटचा गोळा नेमका त्याच्यावर आला.

सगळं निवल्यावर वाघ वर आला. तोंडाला काजळी फासलेली! कप्तानाने त्या तोफेच्या नाईकाला पुढे बोलावलं आणि आपल्या कमरेचा चांदीच्या मुठीचा चाकू बक्षीस दिला. तोफेवरची माणसं एकमेकांकडे बघत राहिली. कप्तानाचं चुकलं असं कप्तानाला सांगायचं कुणी?

शिडवाला खाली बसून तोतऱ्याचं प्रेत समुद्रात सोडण्यासाठी कापडात शिवत होता. मेहुणा जवळून जाऊ लागला तसा म्हणाला, "बस इथे. कापड धर."

छातीपर्यंत टाके आल्यावर शिडवाल्याने हात पुढे केला.

"चाकू दे."

"दोरा कापायला?"

"दे म्हटलं ना."

चाकू घेऊन त्याने तो सरळ तोतऱ्याच्या छातीवर ठेवला आणि वरून टाके घालायला लागला. मेहुण्याने तोंड उघडलं, भोवताली उभ्या गोलंदाजांकडे पाहिलं आणि मिटलं. चाकूसकट तोतरा समुद्रात गेला.

घरी परतल्यावर बायकोने विचारलं, "माझा भाऊ कसा लढला?"

शिडवाल्याने काही न लपवता सांगितलं. तिला धक्का बसेल असं त्याला वाटलं होतं. ती भाजी चिरतच राहिली.

"लहानपणी कोंबडा अंगावर आला तरी हा माझ्यामागे लपायचा," ती म्हणाली. "त्या तोतऱ्याच्या घरी कुणी गेलं का?"

कुणीच गेलं नव्हतं. कुणाच्या घरी जाण्याची शिडवाल्याला सवय नव्हती, पण दुसऱ्या दिवशी तो गेला. तोतऱ्याची आई दारातच बसली होती. त्याने तिला सगळं सांगितलं. ते हातवारे, ती डोलकाठी, तो चाकू. शिडाच्या गुंडाळीत कोण होतं, तेही. म्हातारीचा आवाज मात्र मुलासारखा अडखळणारा नव्हता. संध्याकाळपर्यंत बंदरावरच्या पोरासोरांना वाघ कुठे लपला होता ते ठाऊक झालं.

मेहुण्याने पुढे दूरच्या बंदरात धान्याचं दुकान टाकलं. तिथेही तो जहाजं बुडवतो म्हणे.