मी हळू मारलेले बॉल

मी मुळातच भित्री. कुत्र्यांना भिते, इंजेक्शनला भिते, एसटीचा ड्रायव्हर फोनवर बोलू लागला की देवरी येईपर्यंत सीटचा दांडा सोडत नाही. अशा बाईने मुलींना बेसबॉल शिकवावा हा विनोदच होता. पण गावच्या शाळेत खेळाची शिक्षिका म्हणून माझी नेमणूक झाली, आणि तिथे मुलींचा संघ होता तो याच खेळाचा.

दोन वर्षांपूर्वी दिवाळीनंतरच्या एका सकाळी मी मारलेल्या बॉलने नववीतल्या एका मुलीचा पुढचा दात पडला. ती तिसऱ्या बेसवर खेळायची. आमचं मैदान म्हणजे धानाच्या बांध्यांना, म्हणजे शेतांना लागून मुरूम टाकलेली जागा. बॉल सरपटत गेला, तिने ग्लोव्ह खाली नेला, पण हात लाकडासारखे ताठ. बॉल ग्लोव्हवर आदळून वर उडाला आणि तिच्या तोंडावर बसला. रक्त बघून मलाच रडू फुटलं. दवाखान्यात नेताना शिपायाच्या मोटारसायकलवर मी तिला मागून धरलं होतं. तिने तोंडावरचा रुमाल जरा बाजूला केला आणि म्हणाली, "मॅडम, रडू नोका."

संध्याकाळी तिचे वडील शाळेत येणार असल्याचा निरोप आला. राजीनाम्यात काय लिहायचं ते मी मनात ठरवून टाकलं. ते कापणीवरून तसेच आले, अंगावर धानाचा भुसा. मी खुर्ची पुढे केली, ते बसले नाहीत.

"दात तर गेला," ते म्हणाले. "पोरगी म्हणते, खेळीनच. तिले नीट शिकवा, बस."

एवढंच बोलून ते गेले. त्यांनी चार शिव्या घातल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं.

तोंडाची सूज उतरल्यावर ती परत आली, आणि मी सगळ्या संघाला पहिलीच्या वर्गात बसवावं तसं पहिल्यापासून शिकवायला घेतलं. खरा बॉल कपाटात ठेवून कुलूप लावलं. मुली समोरासमोर गुडघ्यांवर बसायच्या आणि टेनिसचा बॉल एकमेकींकडे घरंगळत सोडायच्या. ग्लोव्ह नाही, नुसते हात. हात पुढे, कोपर सैल, बॉल बोटांना लागला की त्याच्यासोबतच हात पोटाकडे आणायचे. बॉल अडवायचा नाही, घरात घ्यायचा. पकडताना आवाज आला की ती पाळी बाद.

मग चपला. डाव्या हाताच्या पंजात रबरी चप्पल घालायची आणि येणारा बॉल तिच्या तळव्यावर थांबवून लगेच उजव्या हाताने झाकायचा. हात ताठ असेल तर बॉल चपलेवरून टणकन उडून जातो, लपवायला काही जागाच नाही. मुली हसून हसून लोळायच्या. एकीने विचारलं, "मॅडम, बॉलले चपलेनं मारून राहिलो का आमी?" मग पायाजवळ टप्पा पडणारे बॉल आणि पाण्याच्या टाकीच्या भिंतीवरून परत येणारे बॉल, रोज शंभरेक तरी. ती दात पडलेली मुलगी या सगळ्यात सर्वांच्या पुढे गेली. तिच्या हातात बॉल शिरल्याचं कळायचंही नाही. ते बघून मला समाधान वाटायचं, आणि धास्तीही, कारण कधीतरी कपाट उघडावं लागणार होतं.

महिन्याभराने उघडलं. बॅट हातात घेऊन मी एकेकीला बॉल मारू लागले. बाकीच्यांना चांगले जोरात मारले. तिची पाळी आली आणि माझ्या मनगटातला जोरच गेला. बॉल दुडुदुडु तिच्याकडे गेला, तिने तो अलगद उचलला आणि पहिल्या बेसकडे फेकला. दुसऱ्या दिवशी तेच. पुढचे दोन महिने तेच. दररोज घरून ठरवून निघायचे की आज मारायचाच, आणि बॅट फिरवताना मला तिचा रक्ताने भिजलेला रुमाल दिसायचा.

एका मुलीने विचारलंच, "मॅडम, हिले काऊन हळू मारून राहिल्या?"

"तू आपली जागा सांभाळ," मी खेकसले. राग तिचा नव्हता. ज्याच्या मनात चोर असतो तो असाच खेकसतो. दात पडलेली ती मात्र यावर कधी एक शब्द बोलली नाही.

जिल्ह्याचा सामना गोंदियाला होता. जिंकलो तर नागपूर, आणि आमच्या शाळेतली एकही मुलगी खेळायला नागपूरला गेली नव्हती. शेवटच्या डावात आम्ही एका रनने पुढे होतो. समोरच्या दोघी बाद, दोघी बेसवर. एक बाद झाली की संपलं. मी बाकाची कड घट्ट धरून बसले होते आणि मनात एकच घोकत होते: बॉल तिच्याकडे जाऊ नको.

तो तिच्याकडेच गेला. जमिनीला चाटत, सणसणत. तिने मान फिरवली नाही, डोळे मिटले नाहीत. हात खाली, पुढे, सैल, जसे मी शिकवले तसेच. पण ती माझ्या हळू बॉलची वाट बघत होती. हात पोहोचायच्या आत बॉल तिच्या पायांमधून मागे निघून गेला होता. बेसवरच्या दोघी धावत होम बेसला पोचल्या आणि आम्ही सामना हरलो.

मी गुणलेखकाच्या टेबलाकडे गेले. कागदावर तिसऱ्या बेसच्या नावे चूक लिहिलेली होती. नियमाप्रमाणे बरोबरच होतं. चूक करणाऱ्या खेळाडूचा रकाना असतो, शिकवणाऱ्याचा नसतो.

ती मैदानाच्या कडेला बुटांच्या नाड्या सोडत बसली होती. रडत नव्हती. मी तिच्याजवळ मातीतच बसले.

"चूक तुझी नाही," मी म्हणाले. "मी तुला जोरात कधी मारलाच नाही. मला भीती वाटायची."

"मले माईत होतं," ती म्हणाली. "तुमचे हात कापत होते. म्हणून मी बोलली नाही."