कूलरसमोरची मानाची जागा

अकोल्याच्या मे महिन्यात आमच्या गच्चीवर पापड वाळत नाहीत, थेट भाजून निघतात. कावळे सावली शोधत घरात येतात आणि बसायला पाट मागतात. अशा गावात माणसाची इज्जत तो कूलरच्या किती जवळ झोपतो यावरून ठरते.

माझी सात वर्षांची भाची रक्ताच्या कॅन्सरच्या उपचारांच्या मधल्या सुट्टीत थोडे दिवस आमच्याकडे राहायला आली, तेव्हा आईने ती जागा तिला दिली. पोरीच्या छातीत एक बारीक नळी बसवलेली होती. औषध त्यातूनच जायचं, त्यामुळे हाताच्या सुया सुटल्या होत्या. नळीवरची पट्टी कोरडी ठेवा, असं अमरावतीच्या डॉक्टरांनी बजावलं होतं. आंघोळीच्या वेळी आम्ही तिला प्लास्टिकमध्ये अशी गुंडाळायचो, की वरूडहून दिल्लीला निघालेली संत्र्याची पेटी बरी.

कूलरच्या पाण्याला मात्र आम्ही पाणी समजतच नव्हतो. ते वारं होतं. शेवाळलेल्या टाकीतलं ते वारं बारीक तुषार घेऊन पोरीच्या अंगावर यायचं. पट्टीची कड ओलसर झाली, की आई पदराने टिपायची.

मग नळीत औषधी पाणी सोडून ती धुवायला पोरीला अमरावतीला नेलं. धुतल्यावर थोड्याच वेळात पोर अशी थडथडली, की लोखंडी पलंग वाजायला लागला. हे मी वाढवून सांगत नाही.

रक्तात जंतू निघाला. "हा क्वचित सापडतो," डॉक्टर म्हणाले. "पाण्यात, मातीत राहतो. आपल्याला सहसा काही करत नाही, पण हिच्यात लढायची ताकद नाही. तो नळीत बसून होता, धुताना रक्तात गेला. नळी काढावी लागेल."

"आला कुठून?" बहिणीने विचारलं.

"नक्की नाही सांगता येणार. घरी पट्टी ओली झाली होती?"

"आंघोळीले तर आमी थेंब लागू देला नाही, बाप्पा," आई म्हणाली. मग हळूच, "कूलरसमोर झोपे."

बहीण आईकडे बघेना.

नळी निघाली. आता पुन्हा सुया. पोरीने दोन्ही हात पांघरुणात लपवले.

"मामा, तू सांग न त्याइले."

"काय सांगू?"

"मले बरं वाटून राहिलं म्हून."

चिखलदऱ्यात वाघाला पोहे चारल्याचं मी चारचौघांत शपथेवर सांगितलेलं आहे. ही एवढीशी थाप जमेना. अंग तव्यासारखं तापलं होतं. मी तिचा हात ओढून नर्ससमोर धरला.

"खोटारडा हायेस तू," ती म्हणाली.

ताप उतरला. नवी नळी बसेपर्यंत ती सुया सोसत राहिली, आणि तोवर माझ्याशी एक अक्षर बोलली नाही.